अतिशहाणा अनुवादक

जयपूरहून टोंक रोडनं सांगानेरच्या दिशेला निघालं की दुर्गापुरा लागतं. आता ते शहरात पुरतं मिसळून गेलंय. त्याचं स्वतःचं एक रेल्वे स्टेशन आहे, एवढीच वेगळेपणाची खूण. शेतकऱ्यांना मात्र हे नाव बियाण्यांमुळे माहीत आहे. इथल्या राजस्थान कृषी संशोधन संस्थेचे वाण गावाचं नाव घेऊन बाहेर पडले. ‘दुर्गापुरा मीठा’ हे कलिंगड, गर गडद लाल. ‘दुर्गापुरा केसर’ हेही कलिंगडच, पण कापलं की आतून पिवळं निघतं. आणि ‘दुर्गापुरा मधू’ हे कलिंगड नाहीच, ते खरबूज. नावावर विसंबून खरेदी करणारा इथे एकदा तरी फसणार.

कंपायलर फसतो तोही साधारण असाच.

कंपायलर म्हणजे अनुवादक. माणसानं सी-प्लस-प्लस, जावा किंवा सी-शार्पमध्ये लिहिलेलं यंत्राच्या भाषेत आणणारा. जयपूरला अनुवादकांचं वावडं नाही. सवाई जयसिंगांच्या पदरी असलेले सम्राट जगन्नाथ हे मूळचे महाराष्ट्रातले पंडित. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ हे दोन्ही ग्रंथ त्यांनी अठराव्या शतकात अरबीवरून संस्कृतात आणले. पण जगन्नाथ पंडितांना जी मुभा नव्हती ती कंपायलरला आहे. मूळ मजकुरातली वाक्यं तो मागेपुढे करू शकतो, गाळू शकतो, दोनदा आलेलं एकदाच लिहू शकतो. अट एकच: बाहेरून दिसणारा परिणाम बदलता कामा नये. या काटछाटीला ऑप्टिमायझेशन म्हणतात. ही चैन नव्हे. जॉन बॅकस यांच्या गटानं आयबीएममध्ये १९५७ साली फोर्ट्रानचा कंपायलर दिला तेव्हाच त्यांना धास्ती होती, की हातानं लिहिलेल्या यंत्रभाषेपेक्षा आपला अनुवाद हळू निघाला तर कुणी ढुंकूनही पाहणार नाही. त्यामुळे कंपायलरच्या अंगात ही हुशारी जन्मापासूनच आली.

आता फळांकडे. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीत प्रोग्रामर आधी ‘कलिंगड’ नावाचा क्लास लिहितो आणि त्याच्यापासून ‘मीठा’ व ‘केसर’ हे उपक्लास काढतो. ‘गराचा रंग सांग’ हे फंक्शन दोघांकडे आहे, उत्तरं वेगळी. विचारणाऱ्याला समोर कोणतं फळ आहे हे माहीत असण्याची गरज नाही. तो नुसतं कलिंगड समजून विचारतो आणि ज्याचं त्याचं उत्तर येतं. या पद्धतीचं सगळं सौंदर्य इथे आहे आणि खर्चही इथेच. प्रत्येक वेळी यंत्राला ऑब्जेक्टमध्ये डोकावून पाहावं लागतं, त्याच्या क्लासचा तक्ता शोधावा लागतो, तक्त्यातून फंक्शनचा पत्ता काढावा लागतो आणि मग तिकडे उडी मारावी लागते. उडीचा खर्च एक वेळ परवडला. खरा तोटा असा, की पलीकडे काय आहे हे दिसत नसल्यामुळे कंपायलरला तिथे कसलीच काटछाट करता येत नाही.

म्हणून तो अंदाज बांधतो. जावाचं हॉटस्पॉट हे यंत्र प्रोग्राम चालू असतानाच अनुवाद करतं. आतापर्यंत फक्त मीठाचाच क्लास लोड झालेला दिसला, की ते तक्त्याची भानगडच काढून टाकतं आणि जिथे ‘रंग सांग’ असेल तिथे थेट ‘लाल’ लिहून मोकळं होतं. नंतर कधीतरी केसर आलं, तर आधीचा अनुवाद रद्द करून सावध आवृत्तीकडे परत यायचं, अशी सोय केलेली असते. प्रोग्राम चालू असताना पायाखालची फळी अशी बदलण्याची ही युक्ती ‘सेल्फ’ नावाच्या संशोधनभाषेतून नव्वदच्या दशकात पुढे आली. व्यवस्थित जमली तर वेग कितीतरी पटींनी वाढतो. एखाद्या ठिकाणी अंदाजाची नोंद ठेवायची राहिली, तर मात्र पिवळं कलिंगड हातात धरून यंत्र ठामपणे ‘लाल’ म्हणतं.

या शास्त्रात मुंबईचाही वाटा आहे. आयआयटी मुंबईतले प्रा. धनंजय धामधेरे यांनी ज्या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं तो ऐकायला साधा आहे: एकच हिशेब प्रोग्राममध्ये काही वाटांवर दोनदा होतो आणि काही वाटांवर एकदाच, तर तो कुठे सरकवला म्हणजे कुठल्याच वाटेवर दुसऱ्यांदा करावा लागणार नाही? मोरेल आणि रेनव्हॉस या दोघांनी १९७९ मध्ये याची एक रीत मांडली होती, धामधेऱ्यांनी तिच्यात सुधारणा केल्या. पुढे त्यांच्यासोबत काम केलेल्या प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी या जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त कंपायलरच्या आतल्या रचनेवर आयआयटीत कार्यशाळा घेतल्या. खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा डेटा-फ्लो विश्लेषणावरचा ग्रंथ २००९ मध्ये आला. त्याच्या दोन वर्षं आधी खेडकर, सन्याल आणि अमेय करकरे यांनी ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या दुव्यांच्या विश्लेषणावर शोधनिबंध लिहिला होता. कोणता दुवा यापुढे कुणीच वापरणार नाही हे ओळखून तो आधीच तोडला, तर कचरा गोळा करणाऱ्या व्यवस्थेला मेमरी लवकर मोकळी करता येते, असा त्याचा रोख.

हिशेब सरकवण्यात एक पथ्य कडक आहे. ज्या वाटेवर तो मुळात नव्हताच तिथे तो आणून ठेवायचा नाही. समजा, लेखकानं भागाकाराआधी ‘खालची संख्या शून्य नाही ना’ हे तपासलंय आणि कंपायलरनं भागाकार उचलून तपासणीच्या वर नेला, तर चांगला चालणारा प्रोग्राम कोसळतो. पथ्य सांगायला एका ओळीचं आहे. लाखो ओळींच्या कंपायलरमध्ये, डझनावारी काटछाटी एकमेकींच्या हातात काम देत असताना ते दरवेळी पाळलं जाणं, हे वेगळंच प्रकरण.

२८ जुलै २०११ रोजी जावाची सातवी आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी ‘अपाची ल्युसीन’ या शोधयंत्र-प्रकल्पानं आपल्या वापरकर्त्यांना जाहीर इशारा दिला: ही आवृत्ती घेऊ नका. हॉटस्पॉटच्या नव्या ऑप्टिमायझेशनमध्ये काही लूपचा अनुवाद चुकत होता. इंग्रजी शब्दांची शेपटं छाटून मूळ रूप काढणारं पोर्टर स्टेमर चालवलं, की जावा यंत्रच आडवं व्हायचं. ते तरी बरं म्हणायचं, कारण कोसळलेलं निदान दिसतं. दुसरा परिणाम जास्त वाईट होता. शोधसूची गुपचूप चुकीची लिहिली जात होती. पडद्यावर काही दिसणार नाही आणि आठवड्यानं कुणीतरी विचारणार, की अमुक कागदपत्र सापडत का नाही. या चुका प्रकाशनाच्या जेमतेम पाच दिवस आधी लक्षात आल्या होत्या आणि तेवढ्यात दुरुस्ती होणं शक्य नव्हतं.

ज्यांना नवी आवृत्ती हवीच होती त्यांच्यासाठी तात्पुरता इलाज होता: जावा सुरू करताना ‘यूज लूप प्रेडिकेट’ हा स्विच बंद करायचा. लूपच्या प्रत्येक फेरीत होणारी सीमेची तपासणी उचलून लूपच्या आधी एकदाच करायची, असं ते ऑप्टिमायझेशन होतं. म्हणजे पुन्हा तेच, हिशेब सरकवणं. ऑक्टोबरातल्या पहिल्या अपडेटमध्ये दुरुस्ती आली. यातली गंमत अशी, की जावाच्या सहाव्या आवृत्तीतही हा धोका होता, पण ज्यांनी हौसेनं जास्तीच्या वेगाचे स्विच चालू केले होते त्यांनाच. सातवीनं ते सगळ्यांसाठी चालू करून दिलं.

चार वर्षांनी पाळी मायक्रोसॉफ्टची आली. जुलै २०१५ मध्ये डॉटनेट ४.६ आलं आणि त्यासोबत ‘रायूजिट’ हा नवा ६४ बिटी अनुवादक. स्टॅक ओव्हरफ्लो या संकेतस्थळाच्या अभियंत्यांनी ते आपल्या सर्व्हरवर चढवलं, तर कॅशमधल्या वस्तू किती वेळ ठेवायच्या हा आकडा मनाला येईल तसा बदलू लागला. लिहिलेला कोड अगदी सरळ होता. एका फंक्शननं शेवटच्या ओळीत दुसऱ्याला हाक मारली आणि सोबत मुदत पाठवली. अशा शेवटच्या हाकेला परत येण्याची गरज नसते, म्हणून कंपायलर स्टॅकवरची पहिल्याची जागा दुसऱ्याला देऊन टाकतो. सामान हलवताना रायूजिट गोंधळला आणि पाठवलेली किंमत एक, पोचलेली दुसरीच. त्यांच्यापैकी निक क्रेव्हर यांनी लोकांना सांगितलं, की थांबा, ४.६ घेऊ नका. जुन्या अनुवादकाकडे परत जाण्याची एक सेटिंग उपलब्ध होती, ती लावून अनेकांनी वेळ निभावली. डिबग बिल्डमध्ये ही चूक दिसतच नव्हती, कारण तिथे ही काटछाट होत नाही.

‘डिबगमध्ये चालतंय, रिलीजमध्ये उडतंय’ हे वाक्य सॉफ्टवेअरवाल्यांच्या बैठकीत ऐकू आलं, की कुणीतरी लगेच कंपायलरवर बिल फाडतं. बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. वरची दोन्ही उदाहरणं अनुवादकाच्या खऱ्या अपराधाची आहेत. त्याहून कितीतरी जास्त वेळा लेखकानंच भाषेचा करार मोडलेला असतो आणि कंपायलर करारावर बोट ठेवून वागत असतो. या दुसऱ्या जातीचा सर्वांत गाजलेला नमुना खास ऑब्जेक्टांच्या दुनियेतला आहे.

सी-प्लस-प्लसमध्ये ऑब्जेक्टच्या फंक्शनच्या आत त्या ऑब्जेक्टचा स्वतःकडे निर्देश असतो, ‘धिस’. म्हणजे ‘हा मी’. कित्येक प्रोग्रामर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लिहायचे: धिस जर नल असेल तर परत जा. म्हणजे ऑब्जेक्ट नसतानाही कुणी हाक मारली तर गुपचूप माघारी फिरा. वर्गात हजेरी घेताना एखाद्या पोरानं स्वतःच ‘गैरहजर!’ म्हणून ओरडावं, तसं हे. भाषेचं प्रमाणक म्हणतं की जो नाही त्याच्या फंक्शनला हाक मारताच येत नाही. मारलीत तर पुढे काय होईल याची हमी नाही. व्यवहारात मात्र वर्षानुवर्षं ते चालत आलं.

एप्रिल २०१६ मध्ये जीसीसी ६ आलं. त्यातल्या काटछाटीनं करार अक्षरशः घेतला: ‘हा मी’ नल असूच शकत नाही, तेव्हा ही तपासणी निरर्थक, तेव्हा ती गाळली. गाळली ती नेमकी लोकांना वाचवत आलेली ओळ. क्यूटी ५, क्रोमियम, केडेव्हलप ही नावं जीसीसीच्या स्वतःच्या प्रकाशन-टिपणात ‘मोडलेले प्रकल्प’ म्हणून छापलेली आहेत. सोबत इलाजही दिला होता: नलच्या तपासण्या गाळू नकोस असं सांगणारा स्विच, आणि चुका हुडकायला सॅनिटायझर. त्याच आवृत्तीत दुसरी एक काटछाटही धीट झाली. काही लोक ऑब्जेक्टची जागा आधी शून्यांनी भरून घेत आणि मग कन्स्ट्रक्टर चालवत. जीसीसीच्या मते ऑब्जेक्टचा जन्म कन्स्ट्रक्टरपासून. त्याआधी तिथे लिहिलेलं जन्मानंतर वाचायचा कुणालाच हक्क नाही, मग ते लिहायचंच कशाला? भाडेकरू यायच्या आधी मालकानं भिंतींना रंग दिला, तर करारात नाही म्हणून तो खरवडून काढावा, तसला न्याय. या दोन्हींचा फटका जावालाच बसला, कारण जावाचं यंत्र स्वतः सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेलं आहे. ओपनजेडीके ही जावाची मुक्त आवृत्ती नव्या जीसीसीनं बांधायची तर दोन्ही काटछाटी बंद करणारे स्विच जोडणं भाग पडलं.

लिनक्सला हाच धडा सात वर्षं आधी मिळाला होता. २००९ मध्ये कर्नेलच्या नेटवर्किंगच्या एका ड्रायव्हरमध्ये पॉइंटर, म्हणजे दुवा, आधी वापरला होता आणि तो नल आहे का ही तपासणी त्यानंतरच्या ओळीत होती. कंपायलर म्हणाला, वापरला त्याअर्थी नल नाही, आणि तपासणी उडवली. एरवी साधा क्रॅश झाला असता, तिथे हल्लेखोराला कर्नेलचा ताबा मिळवण्याची वाट सापडली. तेव्हापासून लिनक्स कर्नेल नलच्या तपासण्या न गाळण्याचा स्विच लावून बांधला जातो.

आता राहिलं खरबूज. मेमरीतल्या एखाद्या जागेकडे एका ठिकाणी ‘मधू’ म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी ‘मीठा’ म्हणून पाहिलं तर? भाषा सांगते, वेगळ्या जातीचे दोन दुवे एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत, असं कंपायलरनं धरून चालावं. त्यामुळे खरबुजावर केलेलं लेखन कलिंगडाला बदलू शकत नाही असं मानून तो कलिंगडाची जुनी किंमतच वापरत राहतो. जागा एकच असेल तर उत्तर शिळं निघतं. हा नियम लिनक्सवाल्यांना इतका जाचक वाटला, की त्यांनी आपल्या कर्नेलपुरता तो स्विचनं बंदच करून टाकला. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी यावर वेळोवेळी काढलेले उद्गार इथे छापण्याजोगे नाहीत.

मग दोष कुणाचा हे ओळखायचं कसं? समजा, दुर्गापुऱ्यात खोली घेऊन राहणारा एखादा मराठी प्रोग्रामर रात्री अकराला अशा बगसमोर बसलाय. ओ-झीरोवर, म्हणजे ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद ठेवून, उत्तर बरोबर; ओ-टूवर, म्हणजे ते चालू ठेवून, चूक. मधली किंमत पाहावी म्हणून तो छापायची एक ओळ घालतो आणि बग गायब होतो. यात भुताटकी काही नाही. छापायचं म्हटल्यावर ती किंमत ‘बाहेरून दिसणारी’ झाली, म्हणून कंपायलरला तिथली काटछाट सोडून द्यावी लागली. ओळ काढली की बग हजर. हा अनुभव पहिल्यांदा घेणारा माणूस तासभर तरी स्वतःच्या डोळ्यांवर शंका घेतो.

जाणता माणूस तिथून पुढे पाखडायला बसतो. आधी सॅनिटायझर लावून करार आपणच मोडलाय का ते पाहतो. निम्म्याहून जास्त प्रकरणं इथेच मिटतात असं या धंद्यातले जुने लोक सांगतील. तिथे काही मिळालं नाही, तर अर्ध्या फाइली ओ-झीरोवर आणि अर्ध्या ओ-टूवर बांधायच्या, दोषी अर्ध कोणतं ते बघायचं, त्याचे पुन्हा दोन भाग. फाइलवरून फंक्शनवर, फंक्शनवरून लूपवर. सुपात पाखडल्यासारखं फोल उडत जातं आणि हजारो ओळींच्या जागी दहा-बारा उरतात. हे काम यंत्राकडूनही करून घेता येतं. युटा विद्यापीठाचं सी-रिड्यूस त्यासाठीच आहे. त्या दहा ओळी हातात आल्या म्हणजे कंपायलरच्या कर्त्यांकडे तक्रार नेता येते. वीस हजार ओळींची तक्रार कुणी वाचत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

त्याच विद्यापीठातल्या जॉन रेगेर यांच्या गटानं हे उलट्या बाजूनंही करून पाहिलं. त्यांचं सीस्मिथ हे साधन मनाला येतील तसे, पण करार न मोडणारे सी प्रोग्राम तयार करतं. तोच प्रोग्राम निरनिराळ्या कंपायलरांना द्यायचा आणि उत्तरं जुळतात का ते पाहायचं. तीन वर्षांत त्यांनी ३२५ हून अधिक नव्या चुका कळवल्या. तपासलेल्या प्रत्येक कंपायलरमध्ये काही ना काही सापडलं. झाविए लरॉय यांचा कॉम्पसर्ट हा अनुवाद बरोबर असल्याची गणिती सिद्धता सोबत घेऊन येणारा फ्रेंच कंपायलर. त्याचा सिद्ध केलेला मधला भाग फोडण्यासाठी सहा सीपीयू-वर्षं खर्ची घातली, तरी चुकीचा अनुवाद एकही मिळाला नाही. मात्र हे सगळं सीपुरतं. टेम्प्लेट, वारसा, एक्सेप्शन यांचा पसारा असलेल्या सी-प्लस-प्लसची अशी सिद्धता फार लांबची गोष्ट आहे.

चूक कंपायलरचीच निघाली तरी त्याची पुढची आवृत्ती येईपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही. तेव्हा वळसा घ्यायचा. अख्ख्या प्रोग्रामचं ऑप्टिमायझेशन बंद करणं म्हणजे उंदरासाठी घर जाळणं. क्लँग या कंपायलरमध्ये एकाच फंक्शनवर ‘ऑप्टनन’ अशी खूण करता येते, मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये प्रॅग्मा लिहून ठरावीक फंक्शनांपुरता शहाणपणा थांबवता येतो, जावात एखादी मेथड अनुवादातूनच वगळता येते. कधी फंक्शनचे दोन तुकडे करून एकाचं इनलाइनिंग रोखलं तरी पुरतं. यापैकी काहीही केलं तरी शेजारी कॉमेंट हवी: कोणता कंपायलर, कोणती आवृत्ती, तक्रारीचा क्रमांक काय. ती नसली की पाच वर्षांनी येणारा नवा माणूस त्या विचित्र ओळीकडे पाहून ‘हे काय अडाणीपण’ म्हणतो आणि साफसफाईत काढून टाकतो. किंवा न काढता घाबरून तशीच ठेवतो, आणि केव्हाच दुरुस्त झालेल्या चुकीवरची पट्टी दहा वर्षं बिल्डमध्ये राहते.

भाषा ठरवणाऱ्यांनीही अलीकडे थोडी माणुसकी दाखवली आहे. मीठाचा ऑब्जेक्ट मोडून नेमक्या त्याच जागेवर केसरचा बांधला, तर जुना दुवा वापरणारा कंपायलर तिथे अजून मीठाच आहे असं धरून चालू शकतो आणि तक्ता न बघता लाल म्हणू शकतो. सी-प्लस-प्लसच्या २०१७ च्या आवृत्तीत यासाठी एक फंक्शन आलं. त्याचं नाव ‘लाँडर’, म्हणजे धुऊन काढणं. त्याला पत्ता द्यायचा, ते तोच पत्ता परत देतं. मधल्या मध्ये कंपायलरला एवढंच सांगितलं जातं, की या जागेबद्दल आधी जे काही माहीत होतं ते विसर आणि पुन्हा बघ. यंत्राच्या भाषेत या फंक्शनचा स्वतःचा अनुवाद शून्य सूचनांचा होतो.